आठ किल्ले, बेचाळीस अध्याय

खेळ घाईघाईनं संपवणाऱ्या माणसाला नेमकं काय मिळतं, हे मला अजून कळलेलं नाही. आणि गंमत अशी, की दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात अख्ख्या सांगलीत तसली एक मीच होते. निदान माझी तशी समजूत होती. दुसरं कुणी निघालं असतं तर मी त्याच्याशी भांडायला गेले असते.

आम्ही साताऱ्याचे. वडील शाळेत पी.टी. शिकवायचे, त्यामुळे घरात पुस्तकांपेक्षा शिट्ट्या जास्त. त्यांचं एक स्टॉपवॉच होतं, काळ्या दोरीचं. पळणाऱ्या पोरांपेक्षा त्यांचा त्या घड्याळावर जीव. "माणूस खोटं बोलंल, घड्याळ न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निकाल लागेपर्यंत मला सांगलीला आत्याकडं धाडायचं ठरलं, तेव्हा मी ते घड्याळ न विचारता पिशवीत टाकलं. चोरी म्हणा हवं तर. पण वडिलांनी उन्हाळाभर ते मागितलं नाही, म्हणजे त्यांनाही माहीत असणार.

आत्याकडं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. तो तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या दादाचा. दादा डिप्लोमाला होता आणि स्वभावानं इतका गरीब, की त्याच्याशी भांडण उकरून काढायचं तरी दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागे. गेमच्या कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ असल्याचं छापलं होतं. प्रत्यक्षात निघाले सात, आणि त्यातले सहा भिकार. सातवा मात्र लय भारी. एक बुटका माणूस, आठ किल्ले, एकेक किल्ला सर करत शेवटच्या बुरुजावर निशाण लावायचं. गेम मधेच थांबवून ठेवायची सोय नव्हती. लाईट गेली की आठव्या किल्ल्यावरून थेट पहिल्यावर, आणि मे महिन्यात सांगलीची लाईट जायला कारण लागत नसे. तिकडं कोयनेला धरण भरून वीज करतात आणि इकडं आमचा पंखा बंद, हे गणित मला तेव्हाही सुटलं नाही.

घाई सुरू झाली ती अशी. लाईटच्या आत संपवायचं, बास. मग एकदा संपला, तर म्हटलं अजून लवकर संपतो का बघू. पिशवीतलं घड्याळ गळ्यात आलं. दादाला पन्नास मिनिटं लागायची, कारण तो प्रत्येक किल्ल्यात रेंगाळायचा. हे मडकं फोड, त्या झाडावर चढ, उगीच विहिरीत डोकावून ये. "अरे, पळ की!" मी ओरडायचे. तो म्हणायचा, "कुठं जायचंय गं मला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी पस्तीस मिनिटांवर आले, मग अठ्ठावीस. आणि एक दिवस तिसऱ्या किल्ल्यात भिंतीवर चुकून उडी बसली आणि तो बुटका भिंतीतून आरपार जाऊन थेट आठव्या किल्ल्यात निघाला.

अकरा मिनिटं! मी खोलीभर नाचले. दादा आमच्या दोघांची मिनिटं पेन्सिलीनं कॅलेंडरवर लिहायचा. त्यानं पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. म्हणाला, "चार किल्ले खेळलीच न्हाईस तू. हे कसं धरायचं?"

"निशाण लागलं का न्हाई?"

"लागलं."

"मग?"

"मग काय, मला न्हाई पटत."

मी आरडाओरडा केला तशी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझी आत्या पंचावन्नच्या पुढची, अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा, की शेजारच्या गल्लीतल्यानं ओ द्यावी. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला खेळातलं काही कळत नाही असं मी धरून चालले होते, पण ती स्वयंपाकघरातून बरोबर ओळखायची. "चौथा किल्ला लागला व्हय? पूल पडला वाटतं?" असं भाकरी थापता थापता. मला वाटायचं, दारातून डोकावत असेल.

दोघांचं ऐकून तिनं निकाल दिला. "अध्याय गाळून पारायण होतं का? मग किल्ले गाळून खेळ कसा व्हईल?"

"गडाला चोरवाट असतीच की आत्या! आमच्या अजिंक्यताऱ्यावर चल, दाखवते. असती म्हणजे वापरायलाच ना?"

"चोरवाट गड सोडून पळायला असती पोरी. गड घ्यायला दरवाज्यानंच जावं लागतं."

दादा हसला. मी दोन दिवस त्या दोघांशी बोलले नाही. इतिहासात चोरवाटेनं घेतलेले गड डझनभर सापडतील हे मला रात्री अंथरुणात आठवलं, पण तोवर भांडण शिळं झालं होतं.

आता पारायणाचं सांगते, नाहीतर तिचा तो निकाल कळणार नाही. कॉलनीत एक छोटं देऊळ होतं. दर मे महिन्यात त्याच्या वर्धापनदिनाला सप्ताह बसायचा. बेचाळीस अध्यायांची पोथी, सात दिवस, रोज सहा अध्याय. एकीनं आसनावर बसून वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सातव्या दिवशी बाराच्या ठोक्याला आरती आणि नैवेद्य. त्याच्या आत पोथी पुरी झालीच पाहिजे, नाहीतर सप्ताह मोडला. आणि वाचणारी सहा वर्षं एकच, माझी आत्या. काका गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे. संक्रांतीला शेजारणी नटूनथटून जिन्यावरून खाली उतरायच्या आणि ही दार लोटून घ्यायची. वर्षातले हे सात दिवस मात्र आसन तिचं. सगळ्या खाली सतरंजीवर आणि ही वर. ते आसन गेलं असतं तर त्या कॉलनीत तिला दारातलं तुळशीवृंदावन सोडून दुसरी जागा नव्हती. हे मला तेव्हा कळत होतं का? कळत असावं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला सगळं कळत असतं, फक्त ती त्याचा उपयोग करत नाही.

आत्याचा वेग कॉलनीत प्रसिद्ध होता. सहा अध्याय तासा-सव्वा तासात. एक ओवी अडखळत नसे. त्या वर्षी सप्ताह सुरू झाला तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला. म्हटलं, मला गाळू नको म्हणून सांगणारी ही बाई एवढ्या लवकर कशी उरकते? नक्की ओव्या गाळत असणार. चोराच्या उलट्या बोंबा! चौथ्या दिवशी मी गळ्यात घड्याळ अडकवून आसनाच्या अगदी खेटून बसले. बायका म्हणाल्या, भाची किती भाविक हो.

पोथी लाकडी ठवणीवर उघडी होती. आत्या पुढंमागं डुलत वाचत होती, बोट ओळीवरून फिरत होतं. एकविसावा अध्याय चालला होता. मी पानाच्या डोक्यावर बघितलं, तर तिथं छापलेलं, अध्याय एकोणिसावा.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "आत्या, पान एकोणिसाव्याचं हाय! तू गाळतीस!"

कॉलनीच्या सेक्रेटरींची बायको पुढं आली. तिला सगळ्या सेक्रेटरीणबाई म्हणत, आणि कॉलनीत पान हललं तरी तिच्या परवानगीनं. तिनं पोथीवर वाकून बघितलं, मग दोन-चार पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "काकू, हितनं वाचा बघू."

आत्यानं मान खाली घातली. चेहरा पानाच्या इतका जवळ नेला की नाक टेकलं. समईची वात चुरचुरत होती. मी मनात म्हणत होते, वाच की गं, वाच की. आत्यानं वाचलं नाही. तिनं पोथीला हात जोडले, पदर सावरला आणि भिंतीचा आधार घेत स्वतःहून आसनावरून खाली उतरली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. तांदूळ मलाच निवडायला लावायची. सुई मलाच ओवायला लावायची. मी कुरकुरायचे, सगळी कामं मेली माझ्याच गळ्यात. ती दारातून कधी डोकावतच नव्हती. खेळाचे किल्ले ती आवाजावरून ओळखत होती.

घरी दादाला कळलं. त्यानं आत्यासमोर हाताची बोटं धरली आणि विचारलं, "किती?" आत्या म्हणाली, "खुळा हाईस का," आणि उठून गॅस पेटवायला गेली. तिनं आकडा सांगितला नाही. मग तो माझ्याकडं वळला. त्या गरीब माणसाला मी पहिल्यांदाच चिडलेलं बघत होते. "तुला काय मिळालं गं?" तो म्हणाला. "तिचं ते एक आसन होतं."

मी म्हणाले, मला वाटलं ती गाळतीय. आत्या आतून म्हणाली, "पोरीवर वरडू नगंस. पान चुकलंच व्हतं." त्यापेक्षा तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी पोथी मांडीवर घेतली आणि आत्याला म्हटलं, एकविसावा अध्याय म्हण. तिनं भांडी घासता घासता म्हटला. मी ओळीवर बोट ठेवून ऐकला. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. म्हणजे बघा, गाळलं काहीच नव्हतं. सगळ्या ओव्या बरोबर, क्रम बरोबर, वेळ बरोबर, फक्त डोळे भलत्या पानावर. मग चुकलं ते नेमकं काय? मी तावातावानं सेक्रेटरीणबाईंच्या घरी गेले आणि त्यांना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बाळ, ते वाचन न्हवं. पाठ म्हणणं वेगळं, वाचणं वेगळं. अक्षरावर नजर पडली पायजे."

घरी येऊन मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पहिला किल्ला मी डोळं मिटून खेळतो. मग ते खेळणं न्हाई व्हय?" आणि खरंच, त्यानं डोळे मिटून पहिला किल्ला सर करून दाखवला. मी चार किल्ले गाळले होते पण डोळे उघडे ठेवून, आणि आत्यानं काही गाळलं नव्हतं पण डोळ्यांशिवाय. दोघीही बाद. पास कोण, तर विहिरीत डोकावत बसणारा दादा! असला निकाल मला अजिबात मान्य नव्हता, पण दुसरा कुठला द्यावा तेही कळत नव्हतं.

आसनावर आता सेक्रेटरीणबाई स्वतः बसल्या. नजर अक्षरावर होती यात शंकाच नाही. इतकी होती, की एकेक ओवी दोनदा वाचायच्या. त्यात मधे चष्मा पुसायचा, मधे पाणी प्यायचं, मधे अर्थ सांगायचा. चौथ्या दिवशी बावीसवर थांबल्या. पाचव्या दिवशी तीन अध्याय, सहाव्या दिवशी चार. बायका बसल्या जागी पेंगायच्या. सातव्या दिवशी उजाडलं तेव्हा तेरा अध्याय शिल्लक आणि दीडशे माणसांच्या जेवणाची आचाऱ्यानं चूल पेटवलेली.

आठ वाजता दार वाजलं. सेक्रेटरीणबाई आणि मागं चार-पाच जणी. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथं हरी कोण आणि गाढव कोण, हे मला ठरवता येईना. त्या म्हणाल्या, "काकू, तुमीच वाचा. सप्ताह मोडंल हो."

मी तोंड उघडलं. "आणि अक्षरावर नजर?"

"तू बस की शेजारी," त्या मला म्हणाल्या. "पानं तू उलटायची, नजर तुझी. वाणी काकूंची. चालतंय तसं."

चालतंय! मंगळवारी जे चालत नव्हतं ते शुक्रवारी चालतंय! मी कंबर कसून भांडायच्या तयारीत होते, पण आत्या उठली सुद्धा. चाचपडत खुंटीवरचं धुतलेलं लुगडं घेतलं. सहा वर्षं सप्ताहासाठी राखलेल्या घडीवरून तिचा हात फिरला आणि तिचा चेहरा असा फुलला, की माझं भांडण घशातच राहिलं. मी गळ्यातलं घड्याळ काढून ठेवायला लागले तर म्हणाली, "असू दे ते. बाराच्या आत सप्ताह उठवायचाय. दर अध्यायाला कानात सांग, किती मागं हाय ते."

देवळात आवराआवर होऊन आत्या आसनावर बसली तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. मी कळ दाबली. तिच्या वेगानं अध्यायाला तेरा मिनिटं, म्हणजे तेराला दोन तास एकोणपन्नास. जमलं असतं, अगदी काठावर. पण ती पहिल्यासारखी राहिली नव्हती. तीन दिवस तिनं धड खाल्लं नव्हतं. चौतिसाव्याला आवाज बसायला लागला, छत्तिसाव्याला खोकला आला, पाणी द्यावं लागलं. मी पानं उलटत होते, प्रत्येक ओळीवरून माझी नजर फिरत होती, आणि ती शब्दाला शब्द जुळत होती. अध्याय संपला की मी तिच्या कानाशी वाकायचे. चार मिनिटं मागं. सात मिनिटं मागं. बाहेर पत्रावळ्या मांडायचा आवाज यायला लागला होता.

अडतिसावा संपला. मी घड्याळ बघितलं, मनात हिशेब मांडला, परत मांडला. "आत्या, बारा मिनिटं मागं," मी म्हणाले.

तिनं एक लांब श्वास घेतला. आणि चाळिसावा अध्याय सुरू केला.

माझा अंगठा एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या पहिल्या पानावर होता. सेक्रेटरीणबाई समोर, हात जोडून, डोळे मिटून. बाकीच्या अर्ध्या नैवेद्याकडं गेलेल्या. हे फक्त मला माहीत होतं. तीन दिवसांपूर्वी नुसतं पान चुकलं म्हणून मी देऊळ डोक्यावर घेतलं होतं. आणि आता अख्खा अध्याय गळाला होता, खराखुरा, बेचाळिसातला एक. मी काय केलं? मधली सगळी पानं चिमटीत धरली आणि एकदम उलटली. पानांचा आवाज होऊ नये म्हणून खोकल्याचं सोंग केलं. वडील म्हणायचे ते आठवलं, माणूस खोटं बोलंल, घड्याळ न्हाई. माझ्या गळ्यात घड्याळ लोंबत होतं आणि ते अगदी खरी वेळ दाखवत होतं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना पोथी पुरी झाली. घंटा, टाळ, गलका. बायका आत्याच्या पाया पडल्या, तिच्या पुढ्यात नारळ आला, साडी आली. सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, "काकू, हे आसन तुमचंच हो." दिवाळीनंतर दादा तिला मिरजेला घेऊन गेला, दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पुढं बरीच वर्षं तिनं चष्मा लावून, बरोबर पानावर बोट ठेवून पोथी वाचली. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी दुपारी मी गेम लावला आणि बंद केला. दादा म्हणाला, लिहू का तुझी अकरा मिनिटं कॅलेंडरवर, जाऊ दे, धरू आपण. मी नको म्हणाले. का नको म्हणाले, ते मला सांगता आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं. ती विसरली का? दमलेलं माणूस, वय झालेलं, बसलेला आवाज, एक अध्याय निसटू शकतो. की तिनं मुद्दाम घेतली ती चोरवाट? आणि मुद्दाम घेतली असेल, तर सप्ताह वाचवायला, का आसन? मी कानात बारा मिनिटं म्हणाले नसते तर? विचारायची माझी हिंमत झाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

दिवे लागायच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात गेले. आत्या जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि बसलेल्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, रोजचं स्तोत्र असेल. दारात उभी राहून ऐकलं तर ओव्या ओळखीच्या वाटल्या. सकाळी माझ्या अंगठ्याखाली होतं तेच पान. एकोणचाळिसावा.

ती अजिबात घाईत नव्हती. एक ओवी, मग एक काडी. मधे गवताची काडी निघाली ती बाजूला टाकली आणि तीच ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. माझा हात सवयीनं घड्याळाकडं गेला. मग मी ते गळ्यातून काढून पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि तिच्यासमोर जाऊन बसले. मी आलेय हे तिला कळलं होतं, पण ती थांबली नाही. अध्याय शेवटपर्यंत म्हटला, ओले हात पदराला पुसले आणि जोडले.

"झालं बेचाळीस," ती म्हणाली. मग विचारलं, "किती येळ लागला गं?"

"घड्याळ लावलंच न्हाई मी."

"बरं केलंस." तिनं मेथीचं ताट चाचपून माझ्याकडं सरकवलं. "हे एवढं बघ जरा पोरी, आळीबिळी असली तर. मला दिसत न्हाई."